वेताळाला उत्तर देणारी माणसं

शहरातल्या एका जुन्या वाचनालयातून आणलेली नारायण धारपांच्या ‘लुचाई’ची प्रत माझ्यासमोर आहे. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर पांढऱ्या रंगात घातलेला दाखल क्रमांक, आतल्या बाजूला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी. मधल्याच एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय : ‘इथे थांबा. उरलेलं सकाळी वाचा.’ त्याखाली निळ्या शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात : ‘मी थांबले नाही. चूक केली.’ आणि अगदी तळाशी, घाईघाईत : ‘मी पण.’

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे शाळेत शिकवलेलं आहे आणि ते योग्यच आहे. तरी त्या तीन ओळी खोडायला माझा हात धजावला नाही. तीन अनोळखी माणसं, तीन वेगवेगळ्या रात्री, एकाच पानापाशी येऊन अडखळली होती आणि प्रत्येकाला मागून येणाऱ्यासाठी काहीतरी सांगून ठेवावंसं वाटलं होतं. अंधाऱ्या वाटेवर पुढे गेलेला माणूस मागच्याला ‘इथं खड्डा आहे बरं का’ म्हणून हाक देतो, तशी ती हाक होती. या पुस्तकाचं बी त्या समासात पडलं.

पुढच्या पानांत छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव, मिटमिटा आणि छावणीच्या परिसरातल्या वाचकांचे प्रतिसाद आहेत. कुणी वहीत लिहून दिले, कुणी बोलत गेले आणि मी उतरवून घेतले. सगळे एकाच जातीच्या पुस्तकांबद्दल आहेत : काळोखी, दमट, जुन्या वास्तूंत आणि ओसाड माळांवर घडणाऱ्या, जिथे वास्तव आणि अद्भुत यांच्यामधली भिंत एका रात्रीत ढासळते अशा कादंबऱ्या नि कथा. कादंबरी चांगली की वाईट, असं मी कुणाला विचारलं नाही. विचारलं ते तीनच प्रश्न : कुठे बसून वाचलीत, किती वाजता वाचलीत, आणि पुस्तक मिटल्यावर पहिली कुठली गोष्ट केलीत?

या जातीच्या कादंबरीला इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणतात. 1764च्या अखेरीस लंडनमध्ये होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ निघाली, तिथून तिची वंशावळ सांगितली जाते. पहिल्या आवृत्तीत वॉलपोलने स्वतःचं नाव लपवलं आणि हे जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर आहे असं भासवलं. लोकांनी ती आवडीने वाचली. दुसऱ्या आवृत्तीत त्याने कादंबरी आपलीच असल्याचं कबूल केलं, तेव्हा काही समीक्षक उलटले : जुन्या काळातल्या माणसाने असल्या गोष्टी लिहिल्या तर समजू शकतो, आजच्या सुशिक्षित माणसाने का लिहाव्यात? गोष्ट तीच होती. बदलली होती ती वाचणाऱ्याची बैठक. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1817च्या शेवटी, जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ आली. तिची नायिका अशाच कादंबऱ्या वाचून वाचून एका जुन्या घरात पाहुणी जाते, वादळी रात्री काळ्या कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते आणि मेणबत्ती विझते. रात्रभर ती तळमळते. उजाडल्यावर पाहते तर ती धोब्याकडच्या कपड्यांची यादी असते. या घराण्यातल्या कादंबरीला पन्नास वर्षांतच स्वतःच्या वाचकावर कादंबरी लिहावीशी वाटली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या लेखनात वाचणारा कधी बाहेर राहतच नाही.

मराठीत ‘गॉथिक’ या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. गूढकथा, भयकथा, अद्भुतरम्य अशा तीन कप्प्यांत आपण तो वाटून टाकला. पण शब्द नाही म्हणून वस्तू परकी ठरत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना ओस पडलेलं घर येतं, अरण्य येतं, घुबडाचा आणि कोल्ह्याचा आवाज येतो. त्या रसाची लक्षणं म्हणून हातपाय कापणं, अंगावर काटा येणं, तोंडाचा रंग उतरणं, आवाज बदलणं हेही तिथे नोंदलेलं आहे. भयाचा विचार करताना आपल्या शास्त्रकारांनी शरीराची दखल घेतली. आणखी एक विचार करायला लावणारी गोष्ट : मराठीत सगळ्याच नॉव्हेलांना आपण ‘कादंबरी’ म्हणतो आणि हा शब्द आपण ज्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून घेतला, त्यात शाप आहे, पुनर्जन्म आहे, माणसाच्या वाणीने गोष्ट सांगणारा पोपट आहे. वास्तववादी कादंबरीही आपल्याकडे अद्भुताचंच नाव लावून हिंडते.

आणि या साऱ्याचं एक मूळ आमच्याच जिल्ह्यात, पैठणला आहे. ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची हकिकत येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित एका पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा सगळ्या भाषा त्याने सोडल्या. विंध्याच्या रानात काणभूती नावाच्या पिशाच्चाकडून त्याने महाकथा ऐकली, सात वर्षं बसून ती पैशाची भाषेत लिहिली, आणि शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ राजापुढे ठेवला. भाषा पिशाच्चांची आणि अक्षरं रक्ताची, हे पाहून राजाने तो झिडकारला. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरायची थांबली, डोळ्यांत पाणी आणून भोवती उभी राहिली. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं यायला लागलं. आचाऱ्यांनी व्याधांना विचारलं, व्याधांनी डोंगराकडे बोट दाखवलं. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरला तो एक लाख.

दंतकथा म्हणून ही हकिकत आपण ऐकून सोडून देतो. मला ती काळोख्या पुस्तकाला मिळालेल्या प्रतिसादाची पहिली नोंद वाटते. पहिला प्रतिसाद दरबाराचा : न वाचताच, नुसता रंग नि भाषा पाहून दिलेला. दुसरा रानातल्या मुक्या जिवांचा : उपाशी राहून ऐकण्याचा. पुस्तक वाचलं ते दुसऱ्या प्रतिसादामुळे.

त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथाही आहेत. तिथला राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच. रात्री स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून तो निघतो, प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकी देतो. राजाने उत्तर दिलं की मौन मोडतं, वेताळ परत झाडाला लोंबकळतो आणि राजाला पुन्हा मागे फिरावं लागतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या उत्तरावर पुढची गोष्ट उभी राहते. राजाने उत्तर दिलं नसतं तर दुसरी गोष्टच नव्हती. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 1830मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, तेव्हा छापील मराठी गद्य अजून बाल्यात होतं. त्या बाल्यातच वेताळ आपल्या खांद्यावर येऊन बसला होता.

मला या पुस्तकातून सांगायचं आहे ते एवढंच : अंधाराच्या गोष्टीत वाचकाचं उत्तर हा गोष्टीचाच भाग असतो. लेखक अर्धी कादंबरी लिहितो. उरलेली अर्धी वाचकाच्या घरात, त्याच्या जिन्यात, त्याच्या मोरीच्या बंद दारापाशी लिहिली जाते. ती दुसरी अर्धी आपण कधी गोळा केली नाही.

न करण्यामागे कारणंही आहेत. मराठी कादंबरीचा आरंभीचा काळ अद्भुताचा होता. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868ची. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत अडचण सांगून टाकली होती : आपल्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगं सुरस असं काही घडतच नाही, तेव्हा लेखकाने करावं काय? 1872मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध वाचला आणि कादंबरीने काय करावं याची चर्चा सुरू झाली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी दाखवून दिलं की आपल्याच माजघरात केवढं दुःख कोंडून पडलेलं आहे. ते फार मोठं काम झालं. पण त्याबरोबर एक समजही रुजला, की अद्भुत हे पोरवयातलं आणि वास्तव हे जाणतेपणाचं. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. वाङ्मयाच्या इतिहासाने मात्र त्या वाचकांना काय झालं हे विचारलं नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा काळोख निरनिराळ्या हातांनी परत आला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’मध्ये कोकणची जमीन, देवस्थानं आणि माणसाच्या वासना यांतून असं सावट उभं केलं की भूत दाखवायची गरजच उरली नाही. धारवाडला राहून जी. ए. कुलकर्ण्यांनी नियतीचा अंधार लिहिला. रत्नाकर मतकऱ्यांनी शहरातल्या ब्लॉकमध्ये, दिवाणखान्याच्या उजेडात भय आणून ठेवलं. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी ‘दंशकाल’सारख्या कादंबरीत घराण्याचा, वाड्याचा आणि वेडाचा धागा पुन्हा हाती घेतला आहे. आणि या सगळ्यांत अफाट वाचले गेले ते नारायण धारप. 1925मध्ये जन्मलेल्या, 2008मध्ये गेलेल्या या लेखकाने शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांचं घर होतं ते भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत, एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर, उशीखाली. त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आमच्याच शहरातल्या साकेत प्रकाशनाने काढल्या, ही इथल्या वाचकाला अभिमान वाटावा अशी बाब आहे. आजोबांनी भाड्याने आणून वाचलेलं पुस्तक नात आता विकत घेऊन वाचते. या संग्रहात अशी एक जोडी आहे. दोघांना एकच प्रकरण आठवतं, पण भीती वेगवेगळ्या वाक्याची वाटलेली आहे.

आता प्रतिसादांकडे वळू. वाचायला घेण्याआधी मला वाटत होतं की लोक भुताबद्दल बोलतील. कुणीच बोललं नाही. सगळे आपापल्या ओळखीच्या जागांबद्दल बोलले.

मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या, आता पडेगावात राहणाऱ्या एका काकूंनी खानोलकर वाचले. कोकण त्यांनी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, “मला समुद्र काही दिसलाच नाही. मला आमची गढी दिसली.” मराठवाड्यातल्या गावांत देशमुखांच्या, पाटलांच्या पडक्या गढ्या असतात. पांढऱ्या मातीचे बुरूज पावसाने झिजत आलेले, ढाळजेत शेळ्या बांधलेल्या, माळवदाला भगदाड. काकूंच्या माहेरी गढीच्या आत धान्याचं पेव होतं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. ज्योत जळत राहिली तर माणूस उतरणार, विझली तर तोंड उघडं टाकून सगळे लांब बसणार. लहानपणी काकू तोंडाशी पालथ्या पडून तो उजेड खाली खाली जाताना पाहायच्या. त्यांनी वहीत लिहिलंय, की कादंबरी वाचताना प्रत्येक प्रकरणाला मला वाटत होतं, कंदील सोडला आहे, अजून जळतोय. भयकथेच्या वाचनाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. इंग्रजी कादंबरीत किल्ला असतो, कोकणात वाडा असतो, आमच्याकडे गढी आणि पेव आहे. लेखकाने काहीही लिहिलं तरी वाचक आपल्याच पेवात कंदील सोडतो.

वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारा एक तरुण दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर कंपनीच्या बसने फाट्यावर उतरतो. घर आत, दहा मिनिटांच्या पायवाटेवर. बसमध्ये त्याने धारपांची कादंबरी आठ रात्रींत संपवली. “भेलो नाही,” तो ठामपणे म्हणाला, “पण लिंबाखालून जायचं सोडलं. रस्ता ओलांडून पलीकडून जातो.” बायकोला हे सांगितलंस का, विचारलं तर गप्प झाला. मग म्हणाला, “तिला सांगितलं असतं तं ती दार उघडं ठेवून वाट पाहत बसली असती.” एका दणकट माणसाने भीती लपवून बायकोची झोप राखली होती. हा प्रतिसाद साहित्याला आहे की संसाराला, ते मी ठरवू शकलो नाही, आणि ठरवायचीही गरज नाही.

एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांनी मतकऱ्यांच्या कथा वाचल्या. मृत्यू त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या म्हणाल्या, प्रेताची मला भीती वाटत नाही. पण कथा वाचल्यावर रिकाम्या खाटेची वाटायला लागली. चादर ताणून घातलेली, उशी नीट, आणि कुणीही नाही. आपण रोज माणूस जाताना पाहतो, पण तो गेल्यानंतरची जागा आपण पाहतच नव्हतो, हे त्यांना कथेने दाखवलं. त्या दिवसापासून खाट रिकामी झाली की चादर बदलण्याआधी त्या क्षणभर थांबतात.

या तिन्ही प्रतिसादांत एक सारखेपणा आहे. पुस्तकाने कुणालाही खोटं काही पाहायला लावलं नाही. जे समोर होतं आणि सवयीने दिसेनासं झालं होतं तेच पुन्हा दिसायला लागलं : पेवाचं तोंड, लिंबाची सावली, रिकामी खाट. वातावरण वातावरण म्हणतात ते हेच असावं.

ते कसं घडतं हे पाहायला आम्ही काही जण एका सकाळी दौलताबादला गेलो. पडेगावहून किल्ला आठ-दहा किलोमीटरवर. मिटमिट्याच्या पुढे गेलं की तो एकटा सुळका दिसायला लागतो. यादवांची देवगिरी ती हीच. 1327मध्ये महंमद तुघलकाने राजधानी केली ती हीच. चढताना चिनी महाल लागतो. गोवळकोंडा पडल्यावर, 1687नंतर, शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह इथे कैदेत राहिला आणि सुमारे 12 वर्षांनी कैदेतच वारला. महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे अजून आहेत. ज्याला कैद करायचं त्याच्या भिंती इतक्या देखण्या, हे पाहून आमच्यातली एक मुलगी बराच वेळ तिथून हलेना.

त्यापुढे खंदक, आणि खंदकापलीकडे अंधारी. कातळात कोरलेला, वळणं घेत वर चढणारा तो बोगदा पाहायला देशोदेशीचे लोक येतात. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या. एका पावलाचा अंदाज दुसऱ्याला कामी येत नाही. वटवाघळांचा उग्र वास. वाटाड्याच्या हातात मशाल होती. मधोमध आल्यावर त्याने ती पाठीमागे धरली आणि म्हणाला, “आता पाहा.” पाहायला काही नव्हतं. माझ्या पुढे चालणाऱ्या माणसाने खिशातून मोबाइल काढला नाही, मला त्याचं कौतुक वाटलं. आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत उभे राहिलो. वाटाडे सांगतात, की इथे शत्रूचे सैनिक वेगवेगळ्या वाटांनी शिरून पुन्हा एकमेकांसमोर यायचे आणि अंधारात आपल्याच माणसांवर शस्त्र चालवायचे. एका वळणावर उजेडाचा झरोका आहे. घाबरलेला माणूस आशेने तिकडे धावणार आणि थेट खंदकात पडणार.

बाहेर आल्यावर त्या मुलीने तिथल्या तिथे वहीत लिहिलं, की अंधारी बांधणाऱ्याने भीती बांधलीच नाही, त्याने फक्त पायरी कमीजास्त केली. भीती आपण बरोबर नेली. वाक्याची लांबी, प्रकरणाचं वळण, मध्येच येणारा एखादा निवांत, उजळ प्रसंग : चांगला लेखक एवढंच करतो. चालतो तो वाचक. आणि ज्या प्रसंगात हायसं वाटतं तोच झरोका असतो, हे अनेक वाचकांनी आपापल्या शब्दांत सांगितलं आहे.

या पुस्तकातला पहिला प्रतिसाद मात्र नकाराचा आहे, आणि मी तो विचारपूर्वक पहिला ठेवला आहे. एका निवृत्त शिक्षकांनी पुस्तक न वाचता परत केलं आणि सोबत चार पानी पत्र दिलं. तरुणपणी ते भानामतीच्या तक्रारी आलेल्या गावांत कार्यकर्त्यांबरोबर फिरलेले. घरावर दगड पडतात, कपडे पेट घेतात, बाया घुमायला लागतात, आणि शेवटी बोट दाखवलं जातं ते एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, बहुतेक वेळा गरीब बाईकडे. मराठवाड्याने हे फार भोगलं आहे. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013ला हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, याची आठवण देऊन सरांनी विचारलंय : ज्या मातीत भीतीने माणसं मारली, तिथे तुम्ही भीतीची गोडी का लावता?

या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाणं मला शक्य नव्हतं. माझं उत्तर असं आहे. भानामतीची भीती माणसावर लादलेली असते, आणि ती ज्याच्यावर येते त्याला पान मिटता येत नाही. कादंबरीची भीती आपण होऊन पत्करलेली असते; समासात ‘सकाळी वाचा’ लिहिता येतं. पहिली आरोपी शोधते. दुसरी, पुस्तक चांगलं असेल तर, आपल्याला झपाटलेल्या माणसाच्या जागी नेऊन बसवते. पण सरांच्या पत्राने मला एक फरक करायला शिकवलं आणि तो मी इथे मान्य करतो. ज्या पुस्तकात भयाचं निवारण नेहमी बाहेरून आलेल्या शक्तिमान पुरुषाकडून होतं, तिथे वाचक नकळत शरण जायला शिकतो. असाच तारणहार असलेल्या धारपांच्या ‘समर्थ’ कथांबद्दल तरुण वाचकांनी हाच आक्षेप घेतला आहे. वयस्कर वाचकांना त्याच समर्थांचा आधार वाटला आहे. दोन्ही बाजू मी छापल्या आहेत. सरांनी पत्र छापायला परवानगी दिली, एवढंच नव्हे तर मुद्रितंही स्वतः तपासली.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची 1975ची ‘सेलम्स लॉट’ आहे, हे वाचकांना आता ठाऊक आहे. एका वाचकाने रागाने लिहिलंय, की मग आम्ही भ्यालो ते कुणाला? मी त्याला ‘तुंबाड’ सिनेमाची गोष्ट सांगितली. किंगच्या ‘ग्रॅमा’वरून धारपांनी ‘आज्जी’ लिहिली. 1993मध्ये नागझिऱ्याच्या रानात एका मित्राने धारपांची गोष्ट राही अनिल बर्वे या मुलाला तोंडी सांगितली. त्या रात्री बसलेला धक्का तो मुलगा पंचवीस वर्षं जपत राहिला आणि 2018मध्ये त्यातून पावसात बुडालेल्या कोकणचा सिनेमा निघाला, ज्याच्या नावात श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण आहे. अमेरिकेतलं घर, पुण्याचा लेखक, विदर्भातलं रान, कोकणातला पाऊस. उसनं घेतलं हे खरं, आणि लेखकाने तसं सांगायला हवं हेही खरं. पण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी मनापासून भ्यालं, म्हणून ती गोष्ट जिवंत राहिली.

वाचकाचा प्रतिसाद किती दूर जाऊ शकतो याचा मराठीतला सुंदर दाखला म्हणजे सुनीता देशपांडे यांनी जी. एं.ना लिहिलेली पत्रं, ‘प्रिय जी. ए.’. एकांतात राहणाऱ्या, अंधाराचं लेखन करणाऱ्या लेखकाला एक वाचक लिहिते आणि त्या पत्रांना स्वतःचं वाङ्मयीन मोल येतं. आमच्या वह्यांत तेवढी प्रतिभा आहे असा माझा दावा नाही. पण जात तीच आहे : एकट्याने वाचलेलं एकट्यात न ठेवण्याची.

हे प्रतिसाद वाचणाऱ्याला एक विनंती. बोलीतलं ‘तं’, ‘व्हतं’ मी सुधारलं नाही. माणूस जसा बोलला तसा राहू दिला आहे. कुणाचंही नाव दिलेलं नाही, कारण भीती सांगणं हे विश्वासाचं काम आहे. प्रतिसाद ओळीने वाचले नाहीत तरी चालेल. फक्त कुणी फार लहानशा गोष्टीला भ्यालं असेल तर ते तसंच सोडून पुढे जाऊ नका. लोडशेडिंगच्या वर्षांत कंदिलाशेजारी वाचणाऱ्या एका मुलीने काच पुसायच्या फडक्याबद्दल लिहिलं आहे. मला ते पान परत परत वाचावं लागलं, तेव्हा कळलं.

एक पान जवळजवळ कोरं दिसेल. ती छपाईची चूक नाही. एका बाईंनी वही दोन महिने ठेवून घेतली आणि तारखेखाली ‘वाचलं’ एवढा एकच शब्द लिहून परत दिली. काही लिहायचं राहिलं का, विचारलं तर मान हलवली. वेताळाच्या शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नव्हतं. तो प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालत राहिला, आणि वेताळ त्याच्यावर प्रसन्न झाला तो तेव्हा. बाईंचं पान मी तसंच छापलं आहे.

बाकीच्या पानांचा समास जरा रुंद ठेवायला मुद्रकांना सांगितलं आहे. पेन्सिल जवळ असू द्या.

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दीप अमावास्या